चारकोपचा दरबार

माझे सासरे खोटं बोलत नसत. हे मी कौतुक म्हणून नाही, तक्रार म्हणून सांगतेय. लग्न होऊन कांजूरमार्गच्या त्या दोन खोल्यांत आले तेव्हा पहिल्याच रविवारी मी मटण केलं होतं. नवरा आणि दीर बोटं चाटत 'झकास, झकास' करत होते. सासऱ्यांनी शांतपणे जेवण संपवलं, हात धुतले आणि म्हणाले, "मीठ कमी होतं. शिकशील." मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही, याचा मला जास्त राग आला.

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. मूळ गाव साताऱ्याकडचं. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. भांडुपच्या एका कारखान्यात ते गेटवर सिक्युरिटीचे मुख्य होते. बुटांना पॉलिश केल्याशिवाय कोपऱ्यावर दूध आणायलाही जायचे नाहीत. देवधर्म आमच्याकडे नव्हता, बुद्धविहारात जायचं ते पौर्णिमेला. पण या माणसाच्या मनात एक मूर्ती होती आणि ती म्हणजे त्यांचे साहेब.

एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या कंपनीवर जे तरणेबांड कॅप्टन होते, ते पुढे फौज सोडून राजकारणात गेले आणि मी सून म्हणून घरात आले तोवर मंत्री झाले होते. पेपरात साहेबांचा फोटो आला की त्या पानावर भजी ठेवायची नाहीत, असा आमच्या घरात नियम होता. मला त्याचं हसू यायचं. मंत्री म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर धूळ उडवत जाणारी गाड्यांची रांग यायची, सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर चिखलात माखलेला पंचविशीतला पोरगा यायचा. एकाच माणसाबद्दल बोलत असूनही आमचं कधी जमायचं नाही.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात निवडणुका तोंडावर आल्या होत्या. त्याआधीच्या काही महिन्यांत एका बिल्डरच्या डोक्यात आलं की साहेबांच्या लढाईवर मराठी सिनेमा काढावा. मंत्री खुर्चीवर असतानाच त्याची आरती ओवाळलेली बरी, नंतर निरांजन कोण पेटवतो! नट ठरला पन्नाशीतला, पोट सुटलेला आणि टोप घालणारा. लढाई ठरली चारकोपला. तिथे तेव्हा वसाहतीचे सेक्टर पडायचे होते, खाडीच्या बाजूला नुसती रेती, चिखल आणि इमारतींच्या पायासाठी खणलेले खड्डे. त्या खड्ड्यांचेच खंदक करायचे होते. आणि एक्स्ट्रा लोकांना कवायत शिकवायला खरा फौजी हवा म्हणून शोधत शोधत मंडळी आमच्या दारात आली.

सासऱ्यांनी कारखान्यातून रजा काढली. त्या संध्याकाळी ते इतके खुशीत होते की मी केलेल्या चहाला चांगला म्हणाले. मग बुटांना पॉलिश करायला लागले. मी विचारलं, "मामा, आता कुठे?"

"वहिनींना सांगून येतो. त्यांच्या मालकाचाही पार्ट आहे सिनेमात."

या वहिनी म्हणजे विहाराच्या पलीकडच्या वस्तीत राहणारी बाई. मी तिला मावशी म्हणायचे. तिचा नवरा सासऱ्यांच्या गावचा, एका दिवशी भरती झालेला, एकाच तुकडीतला. त्या लढाईत तो मशीनगनवर असताना मारला गेला. मावशी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची आणि त्यावर तिनं मुलगी शिकवून मोठी केली होती. दर बुद्धपौर्णिमेला सासरे तिच्याकडे जायचे, खीर खायचे, दहा मिनिटं बसायचे आणि यायचे. लढाईबद्दल तिला काही विचारायचं नसे, यांना काही सांगायचं नसे. नवऱ्याच्या मरणाबद्दल तिच्याकडे फौजेचं एक पत्र होतं, त्यात तो शौर्यानं लढला एवढंच लिहिलं होतं. ते तिनं काचेत मढवून ठेवलं होतं.

सासरे सांगून आले आणि दोन दिवसांत कँटीनभर, वस्तीभर झालं की मावशीचा मालक सिनेमात येणार. रस्त्यात भेटली तेव्हा तिनं माझा हात धरला. "पोरी, त्यांचा एक फोटो आहे माझ्याकडे, तो पण लग्नातला. हलताना कसे दिसायचे ते मी विसरायला लागलेय गं." मी म्हटलं, मावशी, आपण सगळे मिळून पहिल्याच आठवड्यात जाऊ.

चारकोपला पहिले काही दिवस मजेत गेले. दीडशे एक्स्ट्रांत निम्मे तरी गिरणी संपात घरी बसलेले कोकणातले लोक होते. सकाळी आपलं सैन्य, जेवणानंतर टोप्या बदलून दुश्मन. एक मालवणी काका होते, त्यांचं म्हणणं सासरे घरी येऊन जसंच्या तसं सांगायचे: "आवशीचो घो! सकाळी देशासाठी मेलंय, आता परत दुश्मन म्हणान मरूचा काय?" सासऱ्यांनी या लोकांना असं उभं केलं की दिग्दर्शकाचा कॅमेरावालाही चहाच्या वेळी ताठ उभा राहायला लागला.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. पलटणीत दरबार भरवायची पद्धत असते. जवान जमिनीवर बसतात, साहेब समोर उभे राहतात आणि विचारतात, कुणाला काही म्हणायचंय? ज्याला म्हणायचंय तो उठतो, आपला नंबर आणि हुद्दा सांगतो आणि सगळ्यांदेखत बोलतो. तिथे त्याला कुणी गप्प करायचं नाही. आणि साहेबांनी उत्तर त्याच जागी, त्याच वेळी द्यायचं. सासऱ्यांनी दर शनिवारी एक्स्ट्रांचा दरबार सुरू केला. लोक उठून सांगायचे, डाळ पातळ आहे, बूट चावतात, संडास लांब आहे. सासरे ते लिहून घ्यायचे आणि सोमवारी डाळ घट्ट व्हायची. गिरणीत युनियनचे पुढारी पाहिलेले ते लोक याच्यावर बेहद्द खूश होते.

मग एके दिवशी सासरे घरी आले ते बूट न काढताच खुर्चीवर बसले. हातात चार कागद होते, दुसऱ्या दिवशीच्या शूटिंगचे. मी वाचले. त्यात मशीनगनवरचा जवान गोळीबार सुरू होताच थरथरायला लागतो, गन टाकून नाल्याकडे पळतो. साहेब त्याला पकडतात, थोबाडीत मारतात, मातृभूमीवर पानभर बोलतात आणि स्वतः गनवर बसून एकटे शत्रूला रोखतात. जवान साहेबांच्या पाया पडतो आणि मग मरतो. नाव बदललं होतं, पण गाव तेच ठेवलं होतं. मिशासुद्धा त्याच.

"असं झालं होतं?" मी विचारलं.

"नाही," सासरे म्हणाले. "मागे या असा हुकूम आला होता. आम्ही नाला ओलांडून मागे आलो. तो गनवर थांबला. दुपारी परत जाऊन जागा घेतली तेव्हा तो गनवरच होता."

दिग्दर्शकाला त्यांनी हे सांगून पाहिलं होतं. दिग्दर्शक वाईट माणूस नव्हता, त्यानं हात जोडले. म्हणाला, हवालदारसाहेब, हिरोला मोठं करायचं तर कुणालातरी लहान करावं लागतं, आणि ज्याच्यावर सिनेमा आहे त्याला कसं लहान करणार?

मी भडकले. "सोडून द्या काम! त्या मावशीला काय तोंड दाखवणार?"

"मी सोडलं तर सिनेमा थांबतो का?" ते म्हणाले. "मी सांगितलं म्हणून वहिनी बघायला येणार आहेत." एवढं बोलून ते उठले आणि बूट पुसायला बसले. रागावता येत नसलेल्या माणसाचा मला फार राग येतो. त्या दिवशी मात्र मी पॉलिशची डबी त्यांच्याकडे सरकवली. दुसऱ्या दिवशी नटाची पाठ धरली आणि ते शूटिंग आपोआप पुढे गेलं.

त्यानंतरच्या रविवारी साहेब स्वतः शूटिंग बघायला येणार होते. घरच्यांना आणायची मुभा होती, म्हणून मी गेले. दोन बस बदलून, ठेवणीतली साडी नेसून, चारकोपच्या चिखलात. दहाच्या सुमाराला गाड्या आल्या. बिल्डरनं हार घातला, नटानं टोप सांभाळत नमस्कार केला. साहेब मला वाटलं होतं त्याहून बुटके निघाले. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात कडक खादी. एक्स्ट्रांना युनिफॉर्ममध्ये रांगेनं जमिनीवर बसवलं होतं. साहेबांनी छोटंसं भाषण केलं, जसं शाळेच्या गॅदरिंगला करतात तसं. आणि शेवटी, पुढारी नेहमी म्हणतात तसंच, निघता निघता म्हणाले, "मग, सगळं ठीक आहे ना? कुणाला काही म्हणायचंय?"

या प्रश्नाचं उत्तर टाळ्या असतं, हे लहान पोरालाही कळतं. बिल्डरनं टाळीसाठी हात वर केलेसुद्धा होते. पण जमिनीवर बसलेले दीडशे वर्दीवाले, समोर उभे असलेले साहेब आणि तोच प्रश्न. माझे सासरे पहिल्या रांगेच्या टोकाला उभे राहिले. टाच टाचेला लागल्याचा आवाज मला पार मागपर्यंत ऐकू आला.

"साहब, अर्ज है."

त्यांनी आपला नंबर सांगितला, हुद्दा सांगितला, प्लाटून सांगितली. साहेबांचा सेक्रेटरी पुढे झाला, एकानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात मागून त्या मालवणी काकांचा आवाज आला, "ओ, हात काढा. दरबार चालू हा." तो हात निघाला.

साहेबांनी काळा चष्मा काढला. त्यांनी सासऱ्यांना कधी ओळखलं ते मला सांगता येणार नाही. पण त्यांचे पाय जुळले, पोट आत गेलं आणि ते म्हणाले, "बोलो."

"साहेब, सिनेमात मशीनगनवरचा जवान घाबरून पळतो असं दाखवणार आहेत. तो पळाला नव्हता. आपण निघालो, तो थांबला. त्याची बायको सिनेमा बघायला येणार आहे. अर्ज संपला."

सासरे तसेच उभे राहिले, नजर समोर. आता यांना उचलून बाहेर काढतील, नोकरी जाईल, काय वाट्टेल ते होईल, असं वाटलं. बिल्डर काहीतरी बोलायला लागला, तर साहेबांनी त्याच्याकडे न बघता हातानं त्याला थांबवलं.

"नाही," साहेब म्हणाले. "तो घाबरला नव्हता." आणि मग, त्याच आवाजात, "घाबरलो होतो मी. मागे फिरायचा हुकूम माझा होता. तो थांबला म्हणून आमच्यातली एवढी माणसं परत आली, आणि मी त्यातला एक." मग दिग्दर्शकाकडे वळून म्हणाले, "तो जसा होता तसा दाखवा. बाकी तुम्हाला काय करायचं ते करा."

खरं सांगते, मी त्या क्षणी त्या माणसाला सगळं माफ करून टाकलं. गाड्यांची रांग, हार, तो टोपवाला नट, सगळं. पुढे साहेब निवडणूक जिंकले. भाषणांत पुन्हा नाल्यावर एकटे साहेबच लढत होते आणि सिनेमातही तेच. चारकोपला बोललेलं वाक्य त्यांनी पुन्हा कुठल्या व्यासपीठावर उच्चारल्याचं मी ऐकलं नाही. माझा नवरा म्हणतो, मग काय उपयोग? असेल. पण मतं मागायच्या दिवसांत, स्वतःचीच आरती चालू असताना, भाड्यानं आणलेल्या दीडशे माणसांसमोर 'घाबरलो होतो मी' म्हणायला छाती लागते. पेपरातल्या त्या पानावर भजी ठेवायला नंतर मीच मनाई करायला लागले.

दिग्दर्शकानं हुकूम पाळला. थोबाडीत मारायचा सगळा प्रसंग उडवला आणि त्याच दुपारी एक लहानसा तुकडा घेतला: पहाटेचा वाटेल असा उजेड, माणसं कमरेएवढ्या पाण्यातून मागे जाताहेत आणि अलीकडे एक जवान गनवर पालथा पडून एकटाच आहे, फक्त पाठीमागून दिसतोय. पण कुठलाही एक्स्ट्रा नीट जमवेना. फटाक्याचा आवाज झाला की प्रत्येकाची मान उडायची. चार जण झाले. शेवटी सासऱ्यांनी टोपी घट्ट केली आणि स्वतः चिखलात आडवे झाले. त्यांची मान हलली नाही. परत येताना बसमध्ये मी सारखी बडबडत होते, मामा तुम्ही झकास केलंत, साहेब कसे सरळ झाले, बिल्डरचं तोंड पाहिलंत का. ते खिडकीबाहेर बघत होते. दमले असतील असं मला वाटलं.

सिनेमा लागला तो घाटकोपरच्या एका थेटरात, निवडणुकीच्या आधीचे दोनच आठवडे. रविवारी तीनच्या खेळाला आम्ही गेलो: मी, सासरे आणि मधे मावशी. ती इस्त्रीची निळी साडी नेसून आली होती आणि तिनं केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता. पुढच्या रांगा कार्यकर्त्यांच्या होत्या. नट पडद्यावर आला की ते साहेबांच्या नावानं घोषणा द्यायचे. नटाचं पोट वर्दीत मावत नव्हतं. मावशी मात्र पडद्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात शोधत होती. प्रत्येक नव्या जवानाला बघून मला विचारायची, "हे का?" मी म्हणायचे, "नाही मावशी, येतील."

मध्यंतरानंतर तो तुकडा आला. पहाटेचा उजेड, पाण्यातून जाणारी माणसं आणि गनवर पडलेला एकटा माणूस. मावशीनं माझं मनगट धरलं.

"हेच," ती म्हणाली. "हीच पाठ. हे असेच पालथे झोपायचे."

मला ठाऊक होतं ती पाठ कुणाची आहे ते. त्या शर्टाचा चिखल मीच धुतला होता. चार-पाच सेकंदांत तो तुकडा संपला आणि नट घोषणा देत नाल्यातून परत यायला लागला, आता त्याच्यामागे रणगाडाही होता. मावशी अजून त्या गेलेल्या चित्राकडेच बघत होती. मग तिनं मान वळवली.

"भावजी, ती पाण्यातून मागे गेलेली माणसं कोण?"

"आम्ही, वहिनी."

"मग हे एकटेच का राहिले?"

पडद्यावर तोफा उडत होत्या. मला वाटलं, आवाजात सासऱ्यांना ऐकू गेलं नसेल. पण ते म्हणाले, हळू, तरी मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"एकाला गनवर ठेवा, बाकीचे मागे या, असा हुकूम होता. कुणाला ठेवायचं ते मला ठरवायचं होतं. मी त्याला सांगितलं. त्याचा नेम सगळ्यांत चांगला होता."

तेरा वर्षं हा माणूस दर बुद्धपौर्णिमेला तिच्या दारात जात होता आणि दहा मिनिटांत उठून येत होता. मला ते तेव्हा कळलं. मटणात मीठ कमी आहे हे तोंडावर सांगणारा माणूस एवढं एक वाक्य पोटात घेऊन कसा जगला असेल, या विचारानं मला रडू फुटलं. त्यांनी टोपी हातात घेतली आणि उठले. रांगेतून बाहेर जायला वळले, माणसांच्या गुडघ्यांना धडकत.

मावशीनं त्यांच्या शर्टाची बाही पकडली.

"तुम्ही थांबा म्हणालात आणि ते थांबले ना?" ती म्हणाली. "आता मी म्हणते. थांबा."

सासरे खाली बसले. पडद्यावर साहेबांना हार घालत होते, पुढच्या रांगांतून शिट्ट्या वाजत होत्या, आणि सिनेमा संपून दिवे लागेपर्यंत मावशीनं ती बाही सोडली नाही.